दाबला की थांबवतो

नगरच्या आमच्या सेंटरमध्ये लहान पोराचा एमआरआय असला की डॉक्टर मॅडम मलाच हाक मारायच्या. काशिफ पोरांना भूल न देता स्थिर ठेवतो, अशी माझी ख्याती, आणि ती पसरवण्यात माझा स्वतःचा हातभार मोठा. मशीनचा आवाज म्हणजे बोअरची गाडी चाललीय, पाणी लागेपर्यंत हलायचं नाही, असं म्हटलं की खेड्यातलं पोर निम्मं काम तिथंच करून द्यायचं. वर "दोनच मिनिटं" हे होतंच. आमच्या धंद्यातली दोन मिनिटं पंधरा मिनिटांचीही असतात.

डिसेंबरात काष्टीहून ज्ञानेश्वरी आली. सात वर्षांची. फिट यायच्या म्हणून मेंदूचे फोटो काढायचे होते. आई बाळंतीण, घरी. वडिलांचं नाव कल्याण, टेम्पो चालवायचे. अपघातानंतर पायात रॉड बसवलेला आणि त्याचे कागद जवळ नव्हते, म्हणून मशीनच्या चुंबकापायी त्यांना त्या खोलीत सोडता येईना. पोरगी एकटीच आत गेली. मी तिच्या मुठीत रबरी गोळा दिला. तो दाबला की बाहेर माझ्याकडे घंटा वाजते.

"भीती वाटली, दुखलं, तर दाब. दाबला की थांबवतो," मी म्हणालो.

नवव्या मिनिटाला तिनं दाबला. चार मिनिटं उरली होती. थांबवलं असतं तर तो भाग पहिल्यापासून करावा लागला असता, आणि बाहेर सहा पेशंट बसलेले. मी माईकवरून म्हणालो, झालंच, दोन मिनिटं. तिनं परत दाबला. मग परत. घंटेचा आवाज बंद करायचं एक बटण असतं. ते मी दाबलं.

फोटो छान आले. बाहेर आल्यावर मी कल्याणना हसत हसत सांगितलं, पोरगी उगाच दाबत होती, पुढच्या वेळी समजावून आणा. त्यांनी ओशाळून मान हलवली. मी जेवायला गेलो आणि विसरलो.

जूनमध्ये ती परत आली. या वेळी फोटो आणखी स्पष्ट यावेत म्हणून मध्येच शिरेतून औषध द्यायचं होतं. ते बाहेरून पंपानं जातं. सुरुवातीला पेशंटच्या हाताशी उभं राहून बघायचं असतं, पण मी घंटेवर भरवसा ठेवला. हात दुखला तर दाब, एवढं बजावलं. घंटा वाजली नाही. शहाणी झाली पोरगी, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

बाहेर काढली तेव्हा तिचा डावा पंजा टम्म फुगला होता. औषध शिरेत न जाता कातडीखाली उतरलं होतं. दुसऱ्या हातात गोळा तसाच होता. मॅडमनी बर्फ लावला, हात उंच धरायला सांगितला, सूज उतरेल, आठ दिवसांनी या म्हणाल्या. मी झाल्या प्रकाराचा फॉर्म भरायला घेतला. 'रुग्णाने त्रास कळवला का?' मी लिहिलं, नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तरी पुढची ओळ भरताना मला कसंतरीच झालं.

कल्याण जवळ आले. मला बरं वाटावं म्हणून बोलत होते बिचारे.

"काशिफभाई, ह्या टायमाला एकदाबी दाबला न्हाई बगा. लई दटावून आणली हुती."

मी ज्ञानेश्वरीला विचारलं, दुखत होतं ना, मग का नाही दाबलास? तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मागल्या बारीला दाबला हुता. तुमी थांबला न्हाई."

मी दोघांसमोर सगळं कबूल केलं, घंटा बंद केल्याचंसुद्धा. मॅडमनाही सांगितलं, फॉर्मवर लिहिलं. मॅडमनी माझी खरडपट्टी काढली, ती सोसली. कल्याण मात्र एवढंच म्हणाले, असू द्या, तुमाला बी कामाचा ताण असतो. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवलो असतो.

आठ दिवसांनी औषध देताना मी तिचा हात धरून उभा राहिलो. मग मशीन पुन्हा सुरू व्हायच्या आधी कल्याणना माईकवर बोलायला लावलं. त्यांनी सांगितलं, दाब बाळा, कुनी रागवनार न्हाई. तिनं एकदा दाबून दाखवला. घंटा वाजली. मी म्हणालो, बघ, आता कधीही दाब, मी लगेच थांबवतो, शंभर वेळा दाबलास तरी.

मग बारा मिनिटं माझं बोट मशीन थांबवायच्या बटणावर होतं. मी घंटेची वाट पाहत होतो. वाजावी असं मनापासून वाटत होतं. ती वाजली नाही, आणि फोटो इतके स्वच्छ आले की मॅडम म्हणाल्या, जराही हलली नाही पोरगी.

मी टेबल बाहेर ओढलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी दोन्ही बाजूंनी ओघळून कानांत गेलं होतं, केस ओले झाले होते. तिनं मूठ उघडली आणि गोळा माझ्या हातात दिला.

"न्हाई दाबला, काका," ती म्हणाली.