थोरल्याची फळी

धाकट्याने फळी शिकंज्यात आवळली, तोच थोरला म्हणाला, "थांब. आज तू आधी काप. तुझ्या फळीवरून खुणा मी करतो."

धाकट्याचा हात जागच्या जागी राहिला. बारा वर्षं दोघा भावांची रीत ठरलेली होती. थोरला पहिल्या फळीला दाते कापायचा. धाकटा ती दुसरीवर उभी धरून आखायचा आणि दात्यांच्या मापाच्या खाचा कोरायचा. फळ्या सरस लावून काटकोनात एकमेकींत ठोकून बसवल्या, की ड्रॉवरचा कोपरा झाला. या रीतीत पहिल्या फळीची चूक कधी उघडी पडत नाही. दाता वाकडा गेला, तर खाचही तशीच वाकडी कोरायची. म्हणूनच थोरल्याची नजर अधू झालेली दोन वर्षं बाहेर कुणाला कळली नव्हती, खुद्द थोरल्यालाही नाही. त्याचे दाते हल्ली मनाला येईल तसे जायचे आणि धाकटा त्यांची मर्जी सांभाळत तासन्तास कोरत बसायचा. धाकट्याची बायको रोज म्हणायची, सांगून टाका एकदाचं. सांगायचं कुठल्या तोंडाने? करवत धरायला याच माणसाने शिकवलं होतं.

"राहू दे ना दादा. बसलीय आपली घडी."

"किती दमतोस हल्ली. अवघड बाजू नेहमी तुझ्याच वाट्याला येते."

धाकटा खरंच दमला होता. खांदा भरून आला होता, पण त्याहून ती लपवाछपवी अंगावर आली होती. वाद घालायचं त्राण नव्हतं. त्याने दाते सरळ कापले आणि फळी पुढे सरकवली.

थोरल्याने शीळ घालत खुणा केल्या, पटाशी चालवली. जेवायच्या सुमाराला सांधा ठोकून पाहिला. एकीकडे फळी अडली, दुसरीकडे अख्खं नख जाईल एवढी फट. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग बोटाने फट चाचपली.

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

आता हा उठणार, आणि उठला तर परत कारखान्यात पाऊल टाकायचा नाही, असं धाकट्याला वाटलं. पण थोरल्याने तयार ड्रॉवरांतला एक मांडीवर घेतला आणि कोपऱ्यावरून हळूहळू अंगठा फिरवला.

"आणि मी गिऱ्हाइकांना सांगत होतो," तो म्हणाला, "धाकट्याला वेळ लागतो, त्याचा हात अजून बसायचाय."