उपाशी तुकडा

"सरदारजी, हे पान बघा आणि ते पान बघा," डॉक्टर गुरलीन सोढी म्हणाल्या. त्यांच्या हातात हिरव्या छटांची प्लास्टिकची पट्टी होती. गव्हाच्या पानाला ती लावली की पिकाच्या पोटात काय आहे ते कळतं. "मधलं फिकट. वाटेकडचं गडद. मातीच्या तपासणीतही तेच आलंय. आता सांगा, ह्याला कोण खायला घालतं?"

नछत्तर सिंगांनी पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडमजी, ह्या तुकड्याला माझ्या हयातीत कुणी काही घातलेलं नाही."

मी गोदाम सांभाळतो. मला तिथे बोलावलं होतं ते युरियाचं पोतं कुठे गळतंय का हे विचारायला. गळत नव्हतं. माझ्या गोदामातून चिमूटभर वस्तू जायची तर ती माझ्या नाकाखालून जावी लागते, आणि माझं नाक घरच्यांच्या मते गरजेपेक्षा मोठंच आहे.

आमच्या कृषी संशोधन केंद्रावरचा हा प्रयोग माझ्या नोकरीहून जुना. पावसाळ्यात भात, हिवाळ्यात गहू, वर्षानुवर्षं त्याच जमिनीवर. एका तुकड्याला शेणखत, एकाला युरिया, एकाला दोन्ही. आणि वाटेला लागून असलेल्या ह्या तुकड्याला पाणी सोडून काहीच नाही. जमीन स्वतःच्या जिवावर किती देते ते कळावं, म्हणून. बाकी सगळ्यांचं माप ह्याच्याशी ताडून काढायचं. कागदावर त्याचं नाव काहीही असो, आम्ही त्याला उपाशी तुकडा म्हणायचो.

नछत्तर सिंग त्याचे राखणदार. दुसऱ्या तुकड्यातली माती चिकटून येऊ नये म्हणून जोडे काढून, पाय धुऊन आत जायचे. एकदा मोठ्या साहेबांच्या कुत्र्याने तिथे पाय वर केला, तर ह्यांनी तेवढी जागा खुरप्याने खरवडून काढली आणि साहेबांना जाऊन सांगितलंही. माणूस साधा, पण ह्या एका बाबतीत त्यांचा ताठा एखाद्या महंतासारखा.

आणि ताठा असायला कारण होतं. असा तुकडा वर्षागणिक खंगत जायला हवा. हा खंगला, पण एका जागी येऊन थांबला. थोडं द्यायचा, पण दरसाल तेवढंच द्यायचा. आमच्या साहेबलोकांनी त्यावर लेख लिहिले, परदेशांत जाऊन भाषणं केली. आपल्या मातीत दम आहे, असा त्या सगळ्याचा मथितार्थ. नछत्तर सिंगांना तर पोरगा पहिला आल्यासारखं व्हायचं.

आता ते बुधनकडे वळले. बुधन पूर्णियाहून आलेला मजूर, वाटेपलीकडच्या खोलीत राहायचा.

"भैया, तुझं बिऱ्हाड ह्या बाजूला. खरं बोल."

"सरदारजी, मला खत मिळालं तर मी माझ्या भेंडीला घालीन. ह्या हडकुळ्याला कशाला?"

"दात काढू नकोस. माझ्या नोकरीला डाग लावलास तू."

तेवढ्यात बचिंत कौर चहाची किटली घेऊन आली. नछत्तर सिंगांची बायको. क्वार्टरं बांधाला लागूनच, त्यामुळे शेतावर कोणी आलं की तिचा चहा ठरलेला. तिने ग्लास मांडले आणि नवऱ्याचं बोलणं ऐकून म्हणाली, "त्या गरिबाला कशाला धरता? मी घालते."

ग्लासाला कुणी हात लावला नाही.

"काय घालतेस?" नछत्तर सिंगांनी विचारलं.

"आपल्या म्हशीचं शेणखत. चांगलं मुरलेलं. संगरांदीला, महिन्याच्या पहिल्या दिवशी, तुम्ही गुरुद्वाऱ्यात सेवेला जाता ना, तेव्हा वाटेवरूनच एक टोपली." पाहुण्याला आग्रहाने एक पोळी जास्त वाढल्याचं सांगावं, तशी ती सांगत होती. "मोठी टोपली नाही. छोटी."

"कधीपासून?"

"क्वार्टर मिळालं तेव्हापासून."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. क्वार्टर मिळालं तेव्हा त्या शाळेत जात असतील. इतक्या वर्षांचे सगळे आकडे, सगळे लेख, मातीचा तो दम, सगळं ह्या बाईच्या उकिरड्यावर उभं होतं.

"पण का, बीबी?" बाकी कुणी विचारीना म्हणून मी विचारलं.

"लालाजी, तुम्हीच सांगा. ह्यांना पगार कशाचा मिळतो? त्याला उपाशी ठेवण्याचा. त्या पगाराचं पीठ मी मळते. आपण जेवायच्या आधी गाईला काढतो, कुत्र्याला काढतो. मग ज्याच्या तोंडचं काढून खातो, त्याच्या नावाचं नको काढायला?"

"मला सांगितलं का नाहीस?" नछत्तर सिंगांचा आवाज इतका खाली गेला होता की बुधनलाही पुढे वाकावं लागलं.

"सांगितलं असतं तर घालू दिलं असतंत?"

"नाही."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ते तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "दर किसान मेळ्याला मी हात जोडून लोकांना सांगत आलो, भावांनो, ह्याला आम्ही काही देत नाही. मला एवढ्या लोकांसमोर खोटं बोलायला लावलंस तू."

त्या दिवसापासून ते गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवायला लागले. घरात झोपायचे, म्हशीला चारा घालायचे, पण चुलीकडे वळायचे नाहीत. बचिंत कौरने मला मध्यस्थ केलं. "लालाजी, त्यांना सांगा, मोहरीच्या पाल्याचं साग केलंय. वर लोणी घातलंय."

मी निरोप पोचवला.

"ज्याला चोरून भरवायची तुला हौस आहे, त्यालाच भरव म्हणावं," ते म्हणाले.

मी हा निरोप परत नेला नाही. काही माल गोदामातच राहिलेला बरा.

आता साहेब काय करतात, एवढाच प्रश्न उरला होता. नछत्तर सिंगांच्या मते उत्तर एकच होतं: तुकडा बाद झाला असं जाहीर करायचं आणि नव्याने दुसरा धरायचा. शिक्षा झाली तरी त्यांची तयारी होती. मॅडम मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या, दुपार तिथेच गेली. बाहेर आल्या तेव्हा पट्टी पर्समध्ये ठेवलेली होती.

"सरदारजी, एवढ्यात काही बोलायचं नाही. किसान मेळा तोंडावर आलाय, वरचे लोक येणार आहेत. नंतर बघू."

"आणि मेळ्यात मी काय सांगू?"

"नेहमीचंच."

"मॅडमजी, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हीच विचारलंत ना, कोण खायला घालतं म्हणून?"

"तुमचं नाव घेतलं का कुणी?" मॅडम हळूच म्हणाल्या. "नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत. कशाला ताप करून घेता?"

त्या वाईट बाई नव्हेत. त्यांची बढती अडकली होती, आणि अडकलेल्या बढतीचं वजन मला ठाऊक आहे. पण नछत्तर सिंगांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, बायकोने फसवलं तेव्हा ह्या माणसाला निदान रागवायला तरी जमलं होतं.

मेळ्याच्या दिवशी उपाशी तुकड्यापुढे नवी रंगवलेली पाटी लागली: "खत नाही. केवळ मातीची ताकद." नछत्तर सिंग कडक पगडी बांधून शेजारी उभे. संगरूरकडच्या शेतकऱ्यांचा जथा आला. त्यातला एक दांडगा जाट पुढे होऊन म्हणाला, "बाबाजी, खरंच ह्याला काही घालत नाही? आमची जमीन तर पोतं दाखवल्याशिवाय हलतही नाही."

मॅडम माइक घेऊन उभ्या होत्या. नछत्तर सिंगांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"घालतो," ते म्हणाले. "माझी बायको घालते. दर महिन्याला टोपलीभर शेणखत. हा तुकडा बघून घरी जाऊन जमिनीला उपाशी ठेवू नका."

 मग तो जाट मांडीवर थाप मारून हसला आणि अख्खा जथा हसायला लागला.

"बाबाजी मोठे गमत्ये दिसतायत."

"गंमत नाही, भाई. खरं सांगतोय."

"बघ, तोंडही सरळ ठेवलंय," मागून कोणी म्हणालं. "बाबाजी, आमच्याही गावी पाठवा की बीबीला, टोपली घेऊन."

हशा आणखी वाढला. मॅडमही हसल्या, जरा उशिराने, आणि माइकवर म्हणाल्या, "आमच्या सरदारजींची थट्टा सगळ्यांना आवडते. चला, पुढच्या तुकड्याकडे." जथा पुढे सरकला.

बायकांच्या घोळक्यात बचिंत कौर होती. ती हसत नव्हती. ओढणीचं टोक दातात धरून नवऱ्याकडे बघत होती. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

मी जवळ गेलो. "चला सरदारजी, मांडवात जेवण लागलंय."

"तुम्ही व्हा पुढे, लालाजी."

ते दोन पावलं मागे सरकले आणि पाटीला पाठ लावून उभे राहिले. मेळा उठेपर्यंत हलले नाहीत. मागाहून येणाऱ्या जथ्यांना पाटीवरची अक्षरं दिसतच नव्हती. पिवळट गव्हाच्या कडेला एक म्हातारा उन्हात उभा आहे, एवढंच दिसत होतं.