सत्तेचाळिसावं घर

ढाणकीपासून आत, कच्च्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या त्या तांड्यावर टँकरच्या पाळीची यादी पुष्पाच्या घरातल्या कॉम्प्युटरमधून निघायची, आणि रामीबाईला नेमकं तेच खुपायचं. पुष्पाच्या बहिणीचं जमलेलं लग्न रामीबाईनं सोयऱ्यांचे कान भरून मोडलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दोघी एकमेकींचं तोंड पाहत नव्हत्या.

कॉम्प्युटर जुनाच होता. बारावी झालेली पुष्पा बेसिक नावाची सोपी भाषा एका पुस्तकावरून आपली आपणच शिकली होती. टँकर रोज एक यायचा, त्यात बारा घरांचे ड्रम भरायचे. काल कोणापाशी थांबलो एवढं सांगितलं की तिचा प्रोग्राम आजची बारा नावं काढून द्यायचा. सगळा मिळून वीस ओळींचा. दोन उन्हाळे कुणाची तक्रार नव्हती.

यंदा रामीबाईनं सासऱ्यापासून चूल वेगळी केली. पुष्पानं मन मारून तिचं नाव यादीच्या तळाशी टाकलं. तरी पहिल्या फेरीत ते आलं नाही. रामीबाईनं निरोप धाडला, तर पुष्पानं उलट निरोप दिला, "नाव टाकलं हाय, डोळे उघडून पाह्य म्हणा." दुसऱ्या फेरीतही तेच. आठ दिवस नाल्याच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून हंडे वाहिल्यावर रामीबाई तांड्याच्या नायकाला, लखीरामला घेऊन सकाळीच पुष्पाच्या दारात उभी राहिली.

"बहिणीचा बदला पाण्यात काढून राह्यली हे," ती म्हणाली. "विचारा तिले."

"म्या कोणाचं पाणी नाही तोडलं. तुह्यासारखी नाही मी."

पुष्पाचा दीर संजय पुण्याहून सुट्टीवर आला होता. तिकडं एका कंपनीत तो प्रोग्रामच लिहायचा. तो ओसरीवरून उठला. "काका, हे खेळणं आहे. पोरांना शिकवायची भाषा. मी एक ॲप बनवून देतो, मग कुणी हात लावायचीच गरज नाही." हे म्हणताना त्यानं वहिनीकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या घडीला पुष्पाला रामीबाईपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

"ते मंग पाहू," लखीराम म्हणाला. "बाईचं नाव काहून नाही आलं ते आधी सांगा."

पुष्पानं स्क्रीन दाराकडं फिरवला. "ये. वाच. सातवी शिकली ना तू?" चारचौघांत तिची फजिती व्हावी, एवढंच पुष्पाच्या मनात होतं.

रामीबाई चपला न काढताच आत आली आणि एकेका ओळीवर बोट ठेवू लागली.

"हे काय?"

"नावं. तुहं शेवटचं, दिसलं?"

"दिसलं. अन् अठी इंग्रजीत 'घर' लिवलं, त्याच्या पुढं एक, मंग शेहेचाळीस. ते कायले?"

"घरं मोजते ते. एकापासून..." पुष्पा थांबली.

"आम्ही वेगळे निघाल्यावर शेहेचाळीसच कशे राह्यतीन?"

नाव टाकलं होतं, आकडा बदलायचा राहिला होता. शेहेचाळिसाव्या घरावरून मशीन दर वेळी परत पहिल्या घराकडं वळत होती. पुष्पानं सहा खोडून सात केला आणि प्रोग्राम चालवला. रामीबाईचं नाव आलं.

"चूक माही हाय," पुष्पा स्क्रीनकडं पाहत म्हणाली.

"आता चूक म्हणते."

संजय हसला. "म्हणून तर सांगतोय मी." नायकानंही मान डोलावली. तोच रामीबाई संजयकडं वळली.

"तुह्या ॲपात असं उघडून दिसन का?"

"ते आत असतं. आणि दिसलं तरी तुम्हाला कळणार नाही."

"मंग नोको. इची चोरी मले पकडता येते. तुही नाही येणार."

"मी कशाला चोरी करीन?"

"हेही तसंच म्हणत होती."

लखीरामनं तिथंच ठरवून टाकलं: प्रोग्राम हाच राहील, पण रामीबाई दर सोमवारी येऊन तो तपासेल.

"माह्या घरात हे पाय नाही ठेवणार," पुष्पा म्हणाली.

"मंग कॉम्प्युटर देवळात नेऊन ठेवू," लखीराम म्हणाला.

पुष्पानं स्क्रीन परत आपल्याकडं फिरवला. मग म्हणाली, "येऊ द्या."

संजय दुसऱ्या दिवशीच न जेवता निघून गेला. वहिनीनं सगळ्यांसमोर आपला अपमान करवला, असं त्यानं ट्रकवर असलेल्या भावाला, पुष्पाच्या नवऱ्याला, फोन करून सांगितलं.

सोमवारी रामीबाई आली. पुष्पानं तिला पाणी विचारलं नाही. ती प्रत्येक ओळीचं विचारी, पुष्पा एका शब्दात उत्तर देई. तिसऱ्या सोमवारी रामीबाई म्हणाली, "माहेरी गेलेल्यायची पाळी वाया जाते. त्यायले सोडून पुढं जाची ओळ कशी लिवाची?"

हा विचार आपल्याला दोन वर्षांत सुचला नाही, हे पुष्पाला फार झोंबलं. तिनं पुस्तकातलं ते पान काढलं आणि पुस्तक रामीबाईपुढं टाकलं. "तूच लिही. चुकलं तर मी सांगणार नाही."

रामीबाई दोनदा चुकली. पुष्पा हाताची घडी घालून पाहत राहिली, तिला बरं वाटत होतं. तिसऱ्या वेळी प्रोग्राम चालला. रामीबाई उठली आणि निघून गेली.

पुष्पा खुर्चीवर बसली आणि ती नवी ओळ तपासू लागली. पुढून वाचली, मागून वाचली, वेगवेगळी नावं टाकून चालवून पाहिली. टँकरचा हॉर्न वाजला, बाया ड्रम घेऊन धावल्या, तरी ती उठली नाही. तिला एखादी तरी चूक हवीच होती, आणि ती सापडत नव्हती.