ठकीसाठी बोलणारा पांगुळगाडा

मी एक जुना पांगुळगाडा आहे, मित्रांनो. तीन चाकं, धरायला आडवी दांडी आणि पुढच्या चाकाला टेकलेली एक लाकडी जीभ. चाक फिरलं की त्याच्या खाचांवर ती आपटते आणि मी टक-टक-टक बोलू लागतो. चाक थांबलं की मी गप्प. माझं सगळं आयुष्य या टकटकीनं घडवलं, म्हणून तिची ओळख आधी करून दिली.

खिडक्यांच्या चौकटींतून उरलेल्या लाकडाचा मला एका सुतारानं केला, आपल्या लेकीसाठी. त्याचा कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. तो रंधा मारायचा आणि ती मला ढकलत भुशातून फिरायची. ती धपकन पडून भोकाड पसरायची, तेव्हा तो रंधा कुशीवर आडवा ठेवायचा, पात्याची धार बिघडू नये म्हणून, आणि उठून तिच्यापाशी जायचा. दर वेळी.

शेजारच्या काकू दारातून म्हणायच्या, "अहो, कितीदा उठाल? पोर डोक्यावर बसेल अशानं!"

"बसू दे की. काम कुठं पळून जातंय? पळतेय ती ही."

गंमत अशी, की तो येत राहिला तशी ती लांब लांब जाऊ लागली. आधी दारापर्यंत, मग अंगणात, आणि एक दिवस मला सोडूनच धावली. हाक मारली की कोणीतरी येतं, हे ज्या पोराला पक्कं ठाऊक असतं, त्याला लांब जायची भीती वाटत नाही. हे मी तिच्या पावलांबरोबर शिकलो.

मग माझी रवानगी माळ्यावर झाली. शेजारी मोडकी छत्री, अंगावर एक ट्रंक. तिच्या भारानं माझी जीभ मोडली. धुळीचं काही वाटलं नाही, पण मुकेपणा जिवाला लागला.

पुष्कळ वर्षांनी मला खाली काढलं ते त्याच लेकीनं. आता कारखाना ती चालवत होती. तिचे बाबा खिडकीशी बसून लहानसहान तुकड्यांना पॉलिशकागद घासायचे. त्यांना ऐकू कमी येत होतं. आणि घरात एक छोटी मुलगी आली होती. जिथे पाळणे पुष्कळ आणि हात थोडे, अशा एका अनाथाश्रमातून लेकीनं तिला आणलं होतं. चालण्याचं वय उलटून गेलं तरी ती चालत नव्हती.

नव्या आईनं माझी चाकं सारखी केली, दांडी घासली.

"आणि जीभ गं?" बाबांनी विचारलं.

"आवाज करायला पोरगी आहे की घरात! आणि तुम्हाला तरी कुठं ऐकू येतंय?" ती हसून मोठ्यानं म्हणाली.

पोरगी मला धरून चालू लागली, पण आवाज काही करेना. पडली तरी नाही. काकू कौतुकानं म्हणाल्या, "किती शहाणं लेकरू! अगदी लाकडाची बाहुली, ठकीच!" तेच नाव पडलं. आईलाही बरं वाटलं. ती पाठ फिरवून काम करायची, कान ठकीकडे ठेवून. तिच्या बाबांनी तसंच तर तिला वाढवलं होतं.

एका दुपारी ठकी पडली. माझी दांडी लागून तिचा ओठ फुटला. ती रडली नाही. दाराकडे, आईकडे, कुणाकडेच तिनं पाहिलं नाही. नुसती छताकडे बघत पडून राहिली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण जीभ कुठे होती? रंधा आपला सर्र-सर्र चालूच.

आई पटाशी घ्यायला वळली, तोवर रक्त सुकलं होतं.

"अगं माझे बाई! हाक का नाही मारलीस?" तिनं ठकीला उचललं. ठकी तिच्या हातांत ताठच राहिली. आई बाबांकडे वळली. "बाबा, ही शहाणी नाही हो. कोणी येणारच नाही, असं हिला वाटतंय."

गिऱ्हाइकाची खिडकी तशीच टाकून तिनं आधी माझी जीभ बसवली. मग एकच नियम झाला. मी बोलतोय तोवर रंधा चालेल. मी थांबलो, की रंधा आडवा आणि आई ठकीपाशी. कधी ठकी पडलेली असायची. कधी नुसतीच मुंगी बघत उभी असायची. मग आईही शेजारी बसून मुंगी बघायची.

"मुंगीपण पडली का गं?" बाबा चिडवायचे.

गिऱ्हाइकं कुरकुरली, खिडक्या लांबल्या. पण हळूहळू मला एक दिसू लागलं. मी थांबलो, रंधा थांबला, की ठकीची मान कामाच्या बाकाकडे वळायची. पुढे हातही वर व्हायला लागला. रडू मात्र नव्हतं.

मग एकदा ती उंबऱ्याशी अडखळली. मी तिच्या हातून सुटलो आणि अंगणाच्या उतारावरून घरंगळत निघालो, टक-टक-टक. आत रंधा चालू! मी बोलतोय म्हणजे सारं ठीक, असंच आईला वाटणार. थांबावं म्हटलं, तर उतार थांबू देईना.

तेवढ्यात मागून आवाज आला. आधी गंजलेल्या बिजागरीसारखा, आणि मग असं भोकाड, की चिमण्या उडाल्या!

त्या दिवशी रंधा आडवा ठेवलाच नाही. फेकला. पात्याची धार गेली.

"कोण रडतंय?" बाबांनाही ऐकू गेलं.

"ठकी रडतेय, बाबा! मला हाक मारतेय!"

काकू धावत आल्या. "पोर रडतंय आणि ही हसतेय! वेड लागलं का बाई तुला?"

मित्रांनो, ओलं लाकूड जसं ठेवाल तसं वाळतं. वाळल्यावरही त्याचा बाक काढता येतो, पण त्याला ऊब लागते आणि धीर लागतो. ठकी आता मोठी झालीय, आईच्याच कामाच्या बाकावर रंधा मारते. मन दुखलं की अजूनही ती आधी गप्प होते. मग मान वळवून कुणालातरी शोधते. काल काकूंच्या पणतूला घेऊन मी भुशातून चाललो होतो. तो बसला, मी थांबलो, आणि ठकीच्या हातानं रंधा आपसूक आडवा ठेवला.

मला पुसून ठेवलंत, चाकांना तेल घातलंत, तर मला आवडेलच. पण मागणं दुसरंच आहे. रडणाऱ्या मुलाकडे सगळे धावतात. तुमच्या घरातलं एखादं लहानगं फारच शहाणं, फारच गप्प असेल, तर हातातलं काम जरा आडवं ठेवा आणि जाऊन बघा. ते नुसती मुंगी बघत असेल, तर तुम्हीही शेजारी बसून बघा.