काथ्याचा मऊ बोळा

किहीमच्या बंगल्यात मी दिवाणजी होतो. मुंबईचे पारशी शेठ वर्षातून दोन महिने राहायला यायचे आणि उरलेले दहा महिने मी वाळवी, माळी आणि माकडं यांच्याशी भांडत काढायचो. चौतीस साली शेठनी एक मोठी काचेची पेटी पाठवली. रेवसच्या धक्क्यावरून गवतात गुंडाळून ती बैलगाडीनं आणली. तिच्यात समुद्राचं पाणी भरून जिवंत मासे ठेवायचे, असा हुकूम होता. समुद्र बंगल्यापासून शंभर पावलांवर! पण शहाणपण शिकवायला मला ठेवलं नव्हतं, म्हणून मी पेटी ओसरीवर मांडून भरून घेतली.

मासे काही टिकेनात. शेवटी एकच उरला, मैनानं आणलेला. मैना ही थळच्या कोळीवाड्यातली बाई, बंगल्यावर मासळी घेऊन यायची. ओहोटीला खडकावर कालवं काढताना एका खाचेतल्या पाण्यात तिला तो दिसला आणि तिनं तो लोट्यातून आणून पेटीत सोडला. बोटभर लांब, पिवळसर अंगावर काळे पट्टे. मी नाव विचारलं तर हसून म्हणाली, "खायचा न्हाय, मंग त्याला नाव कशाला?"

दोन महिन्यांनी मैना तापानं गेली, अवघ्या दोन दिवसांत. तिचा नवरा शिवदास तेव्हा होडीवर होता, खोल समुद्रात. तो पाचव्या दिवशी परतला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्याला तिचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. मूलबाळ नव्हतं. फोटो काढून घेण्याची चैन कोळीवाड्यात कुणी केली नव्हती. आठवड्यानं तो बंगल्याच्या पायरीशी येऊन उभा राहिला.

"दिवाणजी, तिनं आनलेला मासा हाय म्हनं तुमच्याकडं. बघू का जरा?"

तेव्हापासून तो रोज यायचा. होडीवर जाणं त्यानं सोडलंच, किनाऱ्यावरची पडतील ती कामं करायचा. सकाळी भरतीचं ताजं पाणी दोन कळश्या आणायचा, चिमूटभर जवळा टाकायचा आणि पेटीसमोर उकिडवा बसायचा. जन्मभर मासे मारलेल्या माणसानं एक मासा पाळला, म्हणून गावात टिंगल झाली. मीही केली. "शिवदास, याचं बारसं कधी?" असं मी विचारलं होतं. तो नुसता हसला. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मे महिन्यात ओसरीवर ऊन तापायला लागलं आणि पेटीची काच आतून हिरवी झाली. शेवाळाचा थर असा दाट चढला की मासा आत आहे की नाही, कळेना. मला त्याचं काहीच वाटलं नाही, पण शिवदास कासावीस झाला. वरून पेटीत डोकावून बघायचा, तर नुसती एक सावली हलायची.

"ती न्हाय दिसली ती न्हायच दिसली," तो म्हणाला. "ह्यो तरी दिसाया पायजे."

मग आम्ही दोघं काच घासायच्या मागे लागलो. शेठनी पेटीबरोबर लांब दांड्याचं पोलादी पातं पाठवलं होतं. मी मोठ्या ऐटीत ते फिरवलं आणि काचेवर वीतभर लांब ओरखडा उठला. मुंबईचा एक ब्रशही होता. त्याचे केस गळून पाण्यात तरंगू लागले, मासा ते खायला धावला आणि शिवदासनं कोपरापर्यंत हात घालून ते एकेक वेचून काढले. धोतराच्या चिंधीनं शेवाळ निघेना, नुसतं इकडचं तिकडं व्हायचं. बांबूची कांब वाकायची. कालवाचा शिंपला आणला, तर त्यानंही चरे पडले.

शिवदासची पारखायची एक रीत होती. काहीही आणलं की ते आधी स्वतःच्या गालावर घासून बघायचा. गालाला टोचलं की बाद. नव्या काथ्याचा बोळा त्यानं घासला तेव्हा गाल लाल झाला, तोही बाद. हा सगळा खटाटोप त्या बोटभर माशासाठी चालला होता आणि माझा जीव मेटाकुटीला आला होता.

मेच्या अखेरीस होड्या वर ओढायचे दिवस आले. कोळी होडीचं बूड खरवडतात, त्यावरचं शेवाळ काढतात आणि लाकूड कुजू नये म्हणून त्याला मुशी माशाचं तेल चोळतात. त्या कामातून शिवदास एके सकाळी थेट बंगल्यावर आला. चेहरा किती दिवसांनी उजळला होता.

"दिवाणजी, ह्यो बघा!"

काथ्याचाच बोळा होता, पण वर्षानुवर्षं वापरून मऊ झालेला, रेशमासारखा. त्यानं तो माझ्या गालाला लावला. खरंच काही टोचलं नाही.

"राखेच्या पान्यात उकडलाय. मंग रिठ्यानं धुतला, तीन येला."

मला वास आला. मुशीच्या तेलाचा तो उग्र वास मला चांगला ओळखू आला. पण मला वाटलं, हा त्याचा स्वतःचा वास आहे. कोळीवाड्यातून आलेल्या माणसाला असा वास यायचाच, हे मी इतकं धरून चाललो होतो की विचारायचं मनातही आलं नाही. उलट नाक मुरडल्याचं त्याला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं. हा माझा सभ्यपणा!

बोळा काचेवर झकास चालला. पापुद्रे निघावेत तसं शेवाळ निघत गेलं आणि तासाभरात पेटी लख्ख झाली. मासा समोर आला, पट्ट्यांसकट. शिवदास कपाळ काचेला टेकवून कितीतरी वेळ बसला. मी त्या दिवशी थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कळश्या घेऊन आला तेव्हा मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता. पाण्यावर ऊन तिरपं पडलं आणि मला रंग दिसले, तेलाच्या तवंगाचे. आम्ही पाणी उपसलं. त्यानं धावत जाऊन वीस कळश्या आणल्या, मीही आयुष्यात पहिल्यांदा खांद्यावर कळशी घेतली. पण तेल काचेला बसलं होतं, खालच्या वाळूत शिरलं होतं. प्रत्येक ताज्या पाण्यावर तवंग पुन्हा यायचा. दुपारी मासा आडवा झाला.

शिवदासनं त्याला ओंजळीत घेतलं आणि तो रडला, मोठ्यानं, ओसरीवर सगळ्यांदेखत. मैना गेल्यापासून मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"त्याचं वय झालं असेल," मी म्हणालो.

"खोटं नको, दिवाणजी. तेल हाय. होडीला तेल चोलायचा बोला ह्यो, मीच घातलं." त्यानं बोळा नाकाला लावला, पुन्हा लावला. "मला अजून वास येत न्हाय. आमचं घर, कापडं, सगलं त्याच तेलातलं. आमाला कसा कलायचा? पन तुमी तर बामन. तुमाला तरी आला आसंल?"

नाही म्हणता आलं असतं. पण त्याची ओंजळ माझ्यासमोर होती.

"आला होता," मी म्हणालो. "मला वाटलं, तुझाच आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. राग असता तर मी तो झेलला असता, पण राग नव्हताच.

"व्हय," तो म्हणाला. "आमचा वास तसाच येतो."

मग त्यानं मासा केळीच्या पानात गुंडाळला, कळश्या तिथेच ठेवल्या आणि तो पायऱ्या उतरून गेला.