पाचवा डोस

“अम्मी, उगीच मान डोलवत हाव हाव करू नको. समजलं असन तं सांग.”

अलफियाने वही थेट माझ्या परातीवर आणून धरली. कणकेचे हात मागे घेत मी म्हटलं, “वही मळली तं मास्तर मले नाई, तुले बोलतीन.”

घरात आमची बोली निराळी, पण पोरीची शाळा मराठी. त्यामुळे गणिताची भांडणं मराठीतच होतात. दहावीला तिला भूमिती श्रेढीचा धडा होता आणि तो मला समजावल्याशिवाय तिला स्वतःला समजणार नव्हता, असं तिचं म्हणणं.

“पाह्य. मागच्या आकड्याले दोननं गुणलं का पुढचा येते. हे एक सूत्र. आन दुसऱ्या सूत्रानं मागचा माहीत नसला तरी सरळ दहावा काढता येते.”

“एकानं काम होते न? मंग दुसरं काऊन पाह्यजे? मागचं पाहावं, पुढचं करावं. पंचवीस वर्षं नर्सची नोकरी तशीच केली मी.”

“तू ऐकशील तं! बरं, तूच आकडे सांग.”

“तीन, सहा, बारा, चोवीस,” मी बोलून गेले.

“मंग?”

मी तव्यावर पोळी टाकली.

“अठ्ठेचाळीस, अम्मी! सोपं तं हाये. पाचवा पाह्यजे, म्हणजे दोन चार वेळा मांडून गुणायचं, सोळा. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. मंधातले काढाचं कामच नाई. आन पाचाईची बेरीज त्र्याण्णव.”

तव्यावरची पोळी जळली. पोरगी ओरडली, तरी मी तशीच उभी.

तीन, सहा, बारा, चोवीस हे आकडे मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नव्हते. फवारणी करताना विषबाधा झालेला माणूस आला की त्याला अॅट्रोपिन द्यायचं. आधी तीन अँप्यूल, म्हणजे त्या काचेच्या बोटभर कुप्या. दहा मिनिटं वाट पाहायची. घाम, लाळ सुकली नाही, छातीतली घरघर थांबली नाही, की दुप्पट. पुन्हा दुप्पट. आमच्या दवाखान्याचं नाव सांगत नाही. बुलढाण्याहून धाड गावाकडे येताना लागतो एवढं पुरे. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा सगळे म्हणायचे, आता फवारे कोपऱ्यात फेका. कसचं काय! कपाशी डोक्यावर गेली, अळी काही गेली नाही. वर तोंड करून फवारायचं आणि सगळं औषध आपल्याच तोंडावर घ्यायचं.

नऊ वर्षांपूर्वी उत्तमराव नावाचे शेतकरी आले ते असेच. कपाटात पन्नास अँप्यूल होत्या. तीन डोस झाले तरी पेटी अर्ध्याहून जास्त भरलेली दिसत होती, म्हणून मी खुशाल होते. चौथ्याला चोवीस गेल्या आणि पेटीत राहिल्या पाच. लागणार होत्या अठ्ठेचाळीस. तेव्हा कुठे मी बुलढाण्याला फोन केला. त्या पाचही देऊन झाल्या. गाडी निघाली, आली. पण उत्तमराव त्याआधीच गेले. कपाट माझ्या ताब्यात होतं. अल्लाची मर्जी, असं म्हणून मी नऊ वर्षं काढली. आणि माझी पोरगी वहीवर पेन्सिल टेकवून सांगत होती की पाचव्याला काय लागेल हे पहिल्या डोसालाच कळतं.

सगळ्यात वाईट म्हणजे उत्तमरावांची बायको. रुखमाबाई दर साली सीतादही झाली, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा झाली, की मूठभर कापूस घेऊन दवाखान्यात यायची. “बाई, तुमचा वाटा,” म्हणायची आणि निघून जायची. तिच्याकडे मान वर करून पाहण्याची माझी कधी हिंमत झाली नाही.

त्या दिवशी मी अलफियाकडून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: पहिला डोस ते सहावा, प्रत्येकी किती, एकूण किती. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. डॉक्टरसाहेब हसले. “सिस्टर, पोरीचा अभ्यास दवाखान्यात घेता काय?”

“हसा, सर. तुम्हाले पाढे येतात का तेवढं सांगा.”

पंधरा दिवस गेले नसतील. सकाळी अकरा वीसला जीप आली. चौघांनी उचलून आणलेला माणूस घामाने भिजलेला, तोंडातून फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मागून रुखमाबाई पळत आली. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली.

“बाई, माह्या गोविंदाले पाह्य वो! माह्यं एकच लेकरू हाये!”

 त्या महिन्यात फवारणीचे सात जण येऊन गेले होते, त्यांच्यातच साठा गेला होता. कपाट उघडलं, पेटी मोजली. पुन्हा पन्नासच. समोर अलफियाचं अक्षर.

“सर, पाचव्या डोसाले कमी पडतीन.”

“सिस्टर, पहिला तर देऊ द्या!”

“द्या न तुम्ही. मी फोन करते.”

बुलढाण्याहून गाडीला चाळीस मिनिटं लागतात. मी फोनवर म्हटलं, दीडशे अँप्यूल घेऊन आत्ता निघा, विचारपूस मागून करा. मग परत येऊन अँप्यूलच्या काचा मोडायला बसले. टिच, टिच, टिच. अकरा तीसला सहा. अकरा चाळीसला बारा. गोविंदाची छाती उकळत्या पाण्यासारखी वाजत होती. अकरा पन्नासला चोवीस. अंगठा कापला, रक्त आलं, पुसायला वेळ नव्हता. पेटीत पाच राहिल्या. मला नऊ वर्षांपूर्वीचा तो तळ दिसला. मी मनात सारखी म्हणत होते, या अल्ला, गाडी आण.

बाराला दोन मिनिटं कमी असताना फाटकात गाडीचा भोंगा वाजला.

पाचव्या डोसाच्या काचा डॉक्टरांनीही मोडल्या, ड्रायव्हरनेही मोडल्या. अठ्ठेचाळीस. साडेबाराच्या सुमारास गोविंदाचं कपाळ कोरडं झालं, बाहुल्या मोठ्या झाल्या. सहाव्याची गरज पडली नाही. दुपारी तो पुटपुटला, “माय, तोंड सुकून राह्यलं. पाणी दे.”

डॉक्टर म्हणाले, “सुकू दे बाबा, सुकू दे!” मी बाहेर ओट्यावर जाऊन रडले.

रुखमाबाई शेजारी येऊन बसली.  मग म्हणाली, “त्या येळेस काचा मोडाचा आवाज मंधातच थांबला होता, बाई.”

 आता लपवायचं तरी काय? “हाव. दवा संपली होती. म्या आधी हिशेब लावला असता तं गाडी येळेवर आली असती. चूक माही होती, रुखमाबाई.”

“मले ठाऊक हाये.”

“कव्हापासून?”

“त्याच दिशीपासून. दारातच उभी होती न मी.”

“मंग दर साली कापूस काऊन आणत होत्या वो?”

तिने माझा हात मांडीवर ओढून घेतला. “आंगठा असाच कापला होता तुमचा. रगत गळत होतं, तरी त्या रिकाम्या पेटीत हात घालून चाचपत होत्या. मी तेच पाह्यत राह्यले. मले वाटे, या बाईले कोनी घरी जा म्हनलं असन का नाई. म्हनून दर साली तुमाले पाहाले येत होती.”

तिने ओटी सोडली, मूठभर कापूस काढला, सरकी एकेक करून बाजूला केली आणि तो माझ्या अंगठ्यावर दाबून धरला. आत ट्रेमध्ये दवाखान्याचा स्वच्छ कापूस होता. मी हात तसाच तिच्या मांडीवर राहू दिला.