पवनेच्या मधोमध

पवना धरणातली दोन किलोमीटरची पोहण्याची शर्यत अर्ध्यावर आली आणि शुभदाच्या डाव्या पोटरीत गोळा आला. शुभदा तळेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर होती. वय एकोणपन्नास, पोहायला शिकून जेमतेम दोन वर्षं झालेली. कळ मस्तकात गेली. हात मारायला जावं, तर नाकातोंडात पाणी शिरलं.

बचावाची होडी वल्हवत जानूआबा जवळ आले. "ताई, धरा होडी!"

होडी धरली की शर्यतीतून बाद. "नको आबा! नुसते जवळ राहा," ती धापा टाकत म्हणाली, "आणि बोलत राहा."

"मंग उताणं व्हा. पायाचा आंगठा वढा. घाई न्हाई."

तिनं अंगठा ओढला आणि ती बुडाली. वर आली, पुन्हा ओढला, पुन्हा बुडाली. आबांनी वल्हं पुढं केलं. तिनं नकारार्थी मान हलवली. तिसऱ्या खेपेला गोळा सुटला.

मग किनाऱ्यापर्यंत आबा भातलावणीबद्दल, नातसुनेबद्दल, आपल्या गुडघ्याबद्दल बोलत राहिले. पोटरी पुन्हा ताणली की ती दचकायची आणि एकाच पायानं पाणी मारायची.

ती सर्वांत शेवटी पोचली. चिखलात बसूनच तिनं कुणाचा तरी फोन मागितला.

"पोचले गं," ती मुलीला म्हणाली, आणि मोकळ्या हातानं पोटरी चोळू लागली.